कुंकवाची सीडी आणि साळवेकाकांची पक्कड

माझ्या तळहातांना घाम येतो. उन्हाळ्यात सगळ्यांना येतो तसा नव्हे. ऐन थंडीत, पंख्याखाली, नुसतं बसल्या बसल्या येतो. शाळेत उत्तरपत्रिकेवर रुमाल ठेवून लिहायचे, तरी शाई पसरायचीच. रांगोळी चिमटीतून सुटायची नाही. गावचा कासार बांगड्या भरताना खूश असायचा, म्हणायचा, "ह्या पोरीला साबन लागत न्हाई." लग्न ठरलं तेव्हा आईला हुंड्यापेक्षा माझ्या हातांची काळजी जास्त होती. मांडवात नवऱ्याने हात हातात घेतला आणि घाबरून सोडला तर काय, या विचाराने ती बिचारी आठवडाभर नीट झोपली नाही. नवऱ्याने हात सोडला नाही, पण नंतर धोतराला पुसलेला मी पाहिला.

अशा बाईच्या वाट्याला कुठला धंदा यावा? सीडीचा. जिथे वस्तूला बोट लागलं की वस्तू नासते, असा.

त्या धंद्यात इतकी वर्षं टिकले, ती दोन-चार माणसांच्या उपकारांमुळे. त्यांतलं एक मोठं नाव म्हणजे साळवेकाका. त्यांनी मला एक हत्यार करून दिलं, आणि फार पुढे त्याच हत्याराचं दुसरं रूप एका मुलीच्या कामी आलं. त्या मुलीने आपल्या आईचा आवाज कधी ऐकलेला नव्हता. तो एका सीडीत असेल, एवढीच आशा होती, आणि ती सीडी पाहून मला रडू यायचं बाकी होतं.

पण आधी धंदा काय ते सांगते, कारण आताच्या मुलांना सीडी म्हणजे रिक्षाच्या आरशाला टांगायची चकती वाटते.

संगमनेरला स्टँडजवळच्या गल्लीत आमचं दुकान होतं. आमचे हे लग्नांचं शूटिंग करायचे आणि मी मिक्सिंग. मिक्सिंग म्हणजे शूटिंगच्या कॅसेटमधला नको तो भाग कापायचा, नवरा-नवरीच्या चेहऱ्यांभोवती बदामाचे आकार फिरवायचे, आणि मूळचा आवाज काढून टाकून वर सिनेमाची गाणी घालायची. लग्नात लोक काय बोलले ते कुणालाच ऐकायचं नसायचं. मांडवातला जनरेटर, पोरांची रडारड, आचाऱ्याच्या शिव्या, हे सगळं पुसायचं आणि सनई लावायची. मूळ आवाज ठेवायचा तो दोनच ठिकाणी. एक मंगलाष्टकांना आणि दुसरा उखाण्याला. नवरीने नाव घेतलेलं ऐकू आलं नाही तर वरमाई दुकानात येऊन भांडायची. बाकी अख्ख्या लग्नात नवरी मान खाली घालून बसलेली असायची, त्यामुळे तिचा आवाज सीडीत असलाच तर तेवढाच असायचा. आज वाटतं, थोडा गोंगाट ठेवला असता तर बरं झालं असतं. पण तेव्हा सगळेच पुसायचे आणि गिऱ्हाईकही तेच मागायचं.

मिक्सिंग झालं की सीडी भरायची. आता सीडीची एक गंमत ऐका. लोकांना वाटतं चकचकीत बाजू नाजूक आणि नाव लिहायची बाजू दणकट. खरं उलटं आहे. चित्र आणि आवाज साठवलेले असतात ते नावाच्या बाजूला, अगदी पातळ पापुद्र्याखाली. चकचकीत बाजूला जाडसर प्लॅस्टिक असतं, प्रकाश त्यातून आरपार जाऊन वाचतो. तिथे डाग पडला, ओरखडा गेला तर वाचणं अडतं, पण आतला माल शाबूत असतो. स्वच्छ करता येतं, घासून पुन्हा चकचकीत करता येतं. नावाची बाजू खरवडली तर मात्र संपलं. आणखी एक, सीडी आतून बाहेर भरत जाते. लग्नाची सुरुवात भोकाजवळ, आणि पाठवणी, गृहप्रवेश वगैरे कडेला. मला ही मांडणी फार आवडायची. हळद मध्ये आणि उंबरठा काठावर.

आणि आमचे हात? आमचे हात असे, की सीडी पेटीतून काढून ड्राइव्हमध्ये ठेवेपर्यंत तिच्यावर पाचही बोटांचे शिक्के उमटायचे. गिऱ्हाईक परत यायचं, "वहिनी, नवरदेव घोड्यावरच अडकलाय, खाली उतरंना." सुती हातमोजे घालून पाहिले, ते थोड्या वेळात ओले व्हायचे. रुमालाने धरलं तर तंतू चिकटायचे. शेवटी हे म्हणाले, "तू कॉम्प्युटरचं बघ, सीडीला मी हात लावतो." बोलले ते चांगल्या मनाने, पण मला लागलं. हे दिवसभर शूटिंगला बाहेर. म्हणजे मी केलेलं काम माझ्याच टेबलावर यांची वाट पाहत पडून राहणार. असं किती दिवस चालणार? एक दिवस हे दुसरा मुलगा ठेवणार आणि मी घरी पोळ्या लाटणार, हे मला दिसत होतं.

साळवेकाका दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते, रिटायर झालेले. त्यांच्या चर्चमधल्या नाताळच्या गाण्यांची कॅसेट घेऊन आले होते, पाहुण्यांना वाटायला सीड्या करायच्या होत्या. मी त्यांच्यासमोर ओठ घट्ट मिटून, रुमालाच्या टोकाने सीडी उचलत होते आणि ती दोनदा टेबलावर पडली. काकांनी चष्मा कपाळावर घेतला.

"हात बघू, पोरी."

मी लाजत हात पुढे केला. ज्योतिषी बघतो तसा त्यांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला, स्वतःच्या अंगठ्याने तळव्यावरचा घाम टिपला आणि हसले.

"आमच्या वर्कशॉपला एक वेल्डर हुता, त्याचं बी असंच. ह्याला औषध न्हाई. ह्याला हत्यार पायजे."

काही दिवसांनी ते आले तेव्हा खिशातून त्यांनी एक वस्तू काढली. जाड पेनाएवढी नायलॉनची दांडी, वर एक दाबायचं बटण आणि खाली तीन बारीक पाय. बटण दाबलं की पाय जवळ यायचे आणि सोडलं की फाकायचे. पाय सीडीच्या भोकात घालायचे, बटण सोडायचं, की सीडी आतून धरली जायची. वर बोट नाही, खाली बोट नाही. उचला, फिरवा, ठेवा, पुन्हा बटण दाबा, सुटली. पायांना त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे चढवले होते, भोकाला ओरखडा नको म्हणून.

मी सीडी उचलली. ती हातापासून लांब, हवेत, दिव्याच्या प्रकाशात रंग सांडत फिरली आणि तिच्यावर एकही ठसा नव्हता. मी खाली वाकून त्यांच्या पाया पडले. काका गडबडले, "आगं आगं, आमच्यात न्हाई पडत!" म्हणाले आणि मग डोक्यावर हात ठेवलाच.

त्या नाताळात मी त्यांच्याकडे करंज्या घेऊन गेले, तेव्हापासून दिवाळीला त्यांचा डबा आणि नाताळला आमचा, असं चालू आहे. ही पक्कड माझी झाली आणि तिच्यासोबत दुकानही पुन्हा माझं झालं. लोक सीडीपेक्षा पक्कडच बघायला थांबायचे. एका डॉक्टरांनी विचारलं, "हे कुठल्या कंपनीचं?" मी म्हणाले, "साळवे अँड सन्स." काकांना मुलगा नाही, पण हे ऐकून ते बरेच दिवस हसत होते.

आता कुंकवाकडे येते.

नवी वस्तू घरात आली की तिला हळद-कुंकू लावायचं, ही आपली रीत. ट्रॅक्टरला लावतो, फ्रिजला लावतो, मग लग्नाच्या सीडीला का नाही? माझ्या ध्यानात हे पहिल्यांदा आलं तेव्हा एक सासूबाई तणतणत दुकानात आल्या होत्या. "नवीकोरी शीडी, एकदा बी दिसली न्हाई!" पेटी उघडली तर चकचकीत बाजूवर ओल्या कुंकवाचं सुरेख स्वस्तिक, चार ठिपक्यांसकट. बाईंनी मोठ्या मनाने, सगळ्या पाहुण्यांसमोर ओवाळून सीडी मशीनमध्ये घातली होती. मशीन बिचारं काय वाचणार! तेव्हापासून सीडी हाती देताना मी बजावू लागले, "कुंकू पेटीला लावा, सीडीला नको." "नावाच्या बाजूला लावा" असं चुकूनही म्हणायचे नाही, कारण ती बाजू किती नाजूक ते वर सांगितलंच. तरीही लावणारे लावायचेच. लोक ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि घरी जाऊन आपल्या मनाचं करायचे. एका गुरुजींनी तर डाग काढायला टूथपेस्ट लावली, आणि टूथपेस्टमध्ये निळे खडे! श्रीगोंद्याकडचे एक बागायतदार लग्नाची सीडी डाळिंबाच्या बागेत पाखरं हाकायला टांगून बसले, आणि पुढच्या वर्षी मुलाच्या बारशाला दाखवायला हवी म्हणून काढून घेऊन आले. मी म्हटलं, "दादा, अख्खा उन्हाळा टांगलीत की!" तर म्हणतात, "पन पाखरू एक बी आलं न्हाई, वहिनी." त्यांची बायको शेजारी उभी राहून तोंडावर पदर धरून हसत होती. नशिबाने निम्मं लग्न निघालं.

आता लग्नाच्या सीड्या कुणी मागत नाही. दुकानही गेलं. घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल, एक जुना कॉम्प्युटर आणि तीन ड्राइव्ह, एवढाच माझा संसार. दिवाळीच्या आवराआवरीत कपाटांतून जुन्या सीड्या निघतात आणि लोक पिशव्या भरून आणतात, पेनड्राइव्हवर घालून द्या म्हणून. त्यातून पोट भरतं असं नाही, पण दिवस भरतो आणि माणसं येतात, त्याचं मला अप्रूप आहे.

अशाच एका दिवाळीच्या आधी वैष्णवी आली. इथल्या नर्सिंग कॉलेजात शिकणारी, पाथर्डीकडची. सोबत वडील होते, रावसाहेब. उंच, वाळलेला माणूस, ऊसतोडीला बरीच वर्षं इकडे प्रवरेकाठी येऊन गेलेला. त्यांच्या हातात लाल फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं, आणि ते टेबलावर ठेवायला ते तयार नव्हते.

वैष्णवीच म्हणाली, "ताई, माझं लग्न ठरलंय. माझी आई मी रांगायच्या आत गेली. तिचा एक फोटो आहे, रेशनकार्डावरचा. पण आवाज... ती कशी बोलायची मला माहीतच नाही. पप्पांना विचारलं तर म्हणतात, चांगली बोलायची. चांगली म्हणजे कशी, ते कुणालाच सांगता येत नाही."

सुमन तिचं नाव. ऊसतोडीच्या कोप्यावर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, ताप आला, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. लग्नाची सीडी तेवढी उरली होती. ज्या स्टुडिओने ती केली तो कधीच बंद पडला, आणि त्या काळी कॅसेटवर पुन्हा दुसरं लग्न शूट करायचेच सगळे, त्यामुळे दुसरीकडे कुठेही काही नव्हतं.

रावसाहेबांनी फडकं उलगडलं.

एवढ्या वर्षांत अशी सीडी मी पाहिली नव्हती. चकचकीत बाजू जेमतेम कडेला दिसत होती. भोकापासून निम्म्याच्या पुढेपर्यंत हळद, कुंकू, गंध, तूप आणि निरांजनाची काजळी यांचे थरावर थर बसले होते. देव्हाऱ्यात, पितरांच्या टाकांशेजारी ही सीडी खिळ्याला अडकवून ठेवलेली असायची. दर सणाला न्हाऊ-धुऊन झालं की रावसाहेब तिला कुंकू लावायचे. बायको गेली ती सवाष्ण गेली, म्हणून कुंकू.

"ज्या बाजूत ती हाय त्या बाजूला लावलं," ते म्हणाले. "चकाकती ती बाजू. मागल्या बाजूला नुसतं पेनानं लिव्हल्यालं."

मला एकाच वेळी हुंदका आला आणि हायसंही वाटलं. माणसाने प्रेमापोटी सीडी आंधळी केली होती, पण ती केली होती बरोबर बाजूने. तूप-कुंकवाचे हे थर पेनाने लिहिलेल्या बाजूवर वर्षानुवर्षं बसले असते तर पापुद्रा कधीच सुटला असता आणि सुमन त्याच्यासोबत गेली असती. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी नुसतं "व्हय का?" म्हटलं आणि पोरीकडे पाहिलं.

मी पक्कड घेतली आणि भोकात घालणार, तेवढ्यात दिसलं, भोकाच्या काठाला केसाएवढी चीर. देव्हाऱ्यातल्या खिळ्यावर अडकवून ठेवल्याने पडली असणार. माझी पक्कड सीडीला आतून ताणून धरते. ती लावली असती तर चीर पुढे धावली असती. आणि हाताने धरायची तर हात माझे असे! थर भिजवून काढायचे म्हणजे तासन्‌तास धरायला हवी.

मी त्यांना दोन दिवसांनी या म्हटलं आणि सीडी बशीत ठेवून साळवेकाकांकडे गेले.

काका आता फार थकले आहेत. हात कापतो. सीडी न शिवता त्यांनी बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "आतनं धरायची न्हाई, तर भाईरनं धरू. तुझी सांडशी आन."

"कसली सांडशी?"

"चहाचं पातेलं उतरवती ती. दुसरी कसली?"

माझ्या स्वयंपाकघरातली सांडशी त्यांनी घेतली. कापऱ्या हाताने कागदावर आकृती काढून दिली आणि गल्लीच्या तोंडाला असलेल्या लेथवाल्याकडून, त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसून, नायलॉनचे दोन कमानदार तुकडे कापून घेतले. तुकड्यांच्या आतून बारीक खाच. सांडशीच्या दोन्ही जबड्यांना ते बसवले आणि दांड्यांना रबर लावलं, म्हणजे दाब आपोआप राहील, जास्त होणार नाही. सीडीची फक्त कड त्या खाचेत बसायची. वरून, खालून, भोकातून कुठूनही स्पर्श नाही. काकांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आता घाम येऊ दे किती यायचा त्यो." त्या दिवशी आमच्याकडे चहा फडक्याने धरून उतरवला.

कोमट पाण्यात भांडी धुवायच्या साबणाचा एखादा थेंब. त्यात सीडी सांडशीने धरून बुडवून ठेवायची. घासायचं नाही. कुंकवाचा कण म्हणजे वाळूच. घासला की ओरखडा. भिजला की तो आपोआप सुटतो, मग मऊ कापसाने मधून कडेकडे सरळ रेषेत टिपायचं. गोल फिरवायचं नाही, कारण चित्र गोल रेषेत भरलेलं असतं आणि गोल ओरखडा त्याच्या वाटेनेच जातो. पाणी लाल व्हायचं, ते बदलायचं. एकेका थराखाली दुसरा थर. कुठे गंधाचा, कुठे बुक्क्याचा. पाणी ओतून द्यायला मला मोरीत जाववेना. तुळशीला घालायला साबण होता, म्हणून मागच्या जास्वंदीखाली ओतलं. शेवटी सीडी उघडी झाली. मधला भाग धुरकटच राहिला होता, कडेचा मात्र आरशासारखा. चिरेवर मी सुईच्या टोकाने चिकटद्रव्याचा कण ठेवला आणि रात्रभर सुकू दिला.

ते दोघं आले तेव्हा मी स्पष्ट सांगितलं, "चीर आहे. मशीनमध्ये सीडी फिरते. सगळ्यांत हळू फिरवीन, पण तुटली तर एकदाच तुटेल. नाही लावली तर जशी आहे तशी राहील. तुम्ही सांगा."

वैष्णवीने वडिलांकडे पाहिलं. रावसाहेब म्हणाले, "ताई, देव्हाऱ्यात ऱ्हाऊन ती पोरीला कशी बोलायची? लावा."

सांडशीने धरून सीडी ड्राइव्हमध्ये ठेवली. दार बंद झालं. सुरुवातीला मशीन नुसतं घरघरत राहिलं, मग त्याने सीडी ओळखली. वैष्णवीने माझा दंड धरला. पण हळदीचा भाग येईना. चित्र चौकटी-चौकटींचं व्हायचं आणि थिजायचं. साखरपुडा नाही, मंगलाष्टका नाहीत. मधला सगळा भाग वर्षानुवर्षांच्या पूजेने धुरकटला होता. जितका वेळ तिथे खर्चू तितकी चीर ताणली जाणार. मी विचार केला, लग्नात नवरी बोलते कधी? उंबरठ्यावर. उंबरठा असतो कुठे? कडेला. कड तर स्वच्छ आहे. मी मधलं सोडून दिलं आणि कडेकडचं वाचून कॉम्प्युटरवर उतरवायला लावलं.

पडद्यावरची पट्टी हळूहळू पुढे सरकू लागली. मी चहा टाकायचा म्हणून उठले आणि पुन्हा बसले. माझ्या हातांतून घाम टेबलावर ठिपकत होता. रावसाहेब मशीनकडे न बघता खिडकीबाहेर बघत बसले होते. पट्टी शेवटाला आली आणि आतून 'टक्' असा आवाज झाला. मशीन थांबलं.

सांडशीने सीडी काढली. चीर भोकापासून कडेपर्यंत गेली होती.

"संपली," मी म्हणाले. "आता ही कधीच लागायची नाही. जे काही निघालंय ते कॉम्प्युटरवर उतरलेल्या या तुकड्यात. त्यात काय आहे ते मलाही माहीत नाही."

रावसाहेबांनी दोन्ही हातांच्या ओंजळीत सीडी घेतली. "घरी नेली तर चालंल का? कुकू लावलं तर?"

"आता कुठल्याही बाजूला लावा, भाऊ."

मी तुकडा लावला. आधी पंगत दिसली आणि वर एक सिनेमाचं गाणं. लोक जेवत होते, वाढपी धावत होते. मग जीप. मग दारात कुणीतरी तांदळाचं माप ठेवताना दिसलं. गाणं एकदम तुटलं आणि मूळ आवाज आला. भांड्यांचा, बायकांचा, कुठेतरी म्हशीचा. त्या स्टुडिओवाल्याचे मी मनातल्या मनात पाय धरले. चित्र चौकटींनी फाटलं होतं, नवरीचा चेहरा निम्माच दिसत होता, पण आवाज धडधडीत होता.

"घे, घे नाव. नाव घेतल्याबिगर आत न्हाई सोडायची!"

मग एक तरणा आवाज आला, जरासा घोगरा. "माळावरच्या बाभळीला... पिवळ्या... पिवळ्या... आत्ता गं बया, इसारले की!" आणि ती हसली. लाजून नव्हे, चांगली खळखळून हसली. सगळ्या बायका हसल्या.

वैष्णवीने तोंडावर हात दाबून धरला होता. तो घोगरा आवाज तिचाच होता. मी तिच्याशी दोनदा बोलले होते, मला लगेच कळलं. ती हळूच म्हणाली, "ताई, ही तर मीच."

पडद्यावर सुमनने श्वास घेतला आणि एका दमात म्हटलं,

"माळावरच्या बाभळीला पिवळ्या फुलांचा साज,
रावसाहेबांचं नाव घेते, लगीन झालं आज."

माप लवंडलं, तांदूळ पसरले आणि तुकडा संपला.

वैष्णवी रडत होती आणि हसत होती. मी माझे ओले हात पदराला पुसत राहिले आणि काकांचे, त्या स्टुडिओवाल्याचे, बरोबर बाजूला लागलेल्या त्या कुंकवाचेही आभार मानत राहिले. मग रावसाहेब म्हणाले, "परत लावता का?"

मी लावलं. ते ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, "एवढ्याशा संसारात माजं नाव तिनं तेवढंच घेतलं. येरवी नुसतं 'अवं'. शेतात बी 'अवं', कोप्यावर बी 'अवं'. दवाखान्यात बी."

त्यांनी पुन्हा लावायची खूण केली. मी लावलं. बायका हसल्या, ती विसरली, ती हसली, तिने श्वास घेतला. "माळावरच्या बाभळीला पिवळ्या फुलांचा साज, रावसाहेबांचं..."

रावसाहेब खुर्चीतून अर्धवट उठले आणि म्हणाले, "ओ."